लकव्यानंतरचा पाय आणि घोट्याची मोटर: पार्श्वभूमी

लकव्यातून उठलेल्या माणसाची चप्पल बघा. आमच्या मोठेबाबांची उजवी चप्पल अंगठ्यापाशी झिजून पार पातळ झाली होती, टाच मात्र नवीकोरी. पंजा उचलत नाही, जमिनीला घासतो. डॉक्टर याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. अशा पायाला धुऱ्यावरचं साधं ढेकूळही आडवं येतं.

विदर्भात हे दुखणं किती खोल आहे, ते गडचिरोलीने दाखवलं. 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ दरम्यान ८६ गावांतले मृत्यू तपासले. सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला, आणि त्यातले बहुतेक घरीच. जे वाचतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला हे पाय ओढत चालणं येतं.

आधी होते लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, मग प्लास्टिकची स्प्लिंट आली. स्प्लिंट पंजा वर धरते, पण घोटा जखडते. पाऊल टाकताना शरीराला पुढे रेटण्याचं मोठं काम पोटरीचं असतं. तो रेटा स्प्लिंट देऊ शकत नाही. १९६१ मध्ये लिबरसन आणि सहकाऱ्यांनी पायालाच कामाला लावलं: टाच उचलली की बुटातला स्विच चालू, गुडघ्याखालच्या नसेला विजेचा हलका झटका, पंजा वर. ही युक्ती मला आजही थक्क करते.

पंजा उचलायला घोट्यावर मोटर आली ती पुढे. २००४ मध्ये एमआयटीच्या ब्लाया आणि हर यांनी पावलागणिक ताठरपणा बदलणारी पट्टी मांडली. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने कापडी पट्टे आणि मोटरने ओढली जाणारी केबल वापरून पंजा उचलला, शिवाय रेटाही दिला. ९ रुग्णांत चालण्याला लागणारी ऊर्जा सुमारे १० टक्क्यांनी घटली. त्याच तंत्रावरच्या 'रीस्टोर' या उपकरणाला २०१९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, उपचार केंद्रात वापरण्यापुरती.

आपल्याकडे १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला, तेव्हा अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, चिखल तुडवणं आधी धरलं होतं. घोट्याच्या मोटरलाही हीच कसोटी लावली पाहिजे. मोठेबाबांची साधी स्प्लिंटसुद्धा बुटाशिवाय चालायची नाही, आणि पावसाळ्यात वावरातली काळी माती त्या बुटाला किलोकिलोने चिकटायची. जून लागला तसं त्यांनी ती खुंटीला टांगली आणि काठी घेतली.