प्रिम्युला फ्लोरिंडी

(कुल–प्रिम्युलेसी). आग्नेय तिबेटातील ओढ्यांच्या काठी व दलदलीत वाढणारी बहुवर्षायू ओषधी. वनस्पतिसंग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांना ती १९२४ मध्ये त्सांगपो नदीच्या खोऱ्यात आढळली. पत्नी फ्लोरिंडा यांचे नाव त्यांनी तिला दिले. प्रिम्युलांमध्ये ती सर्वांत धिप्पाड जातींपैकी एक आहे: पुष्पदंड ६० ते १२० सेंमी. उंच आणि त्याच्या टोकाला गंधकासारख्या पिवळ्या, सुगंधी, खाली झुकलेल्या फुलांचा झुबका. सिक्कीममधील ओलसर कुरणांत दिसणारी प्रिम्युला सिक्कीमेन्सिस हिच्यासारखीच भासते. फरक पानात पाहावा. सिक्कीमेन्सिसचे पान देठाकडे निमुळते होत जाते, फ्लोरिंडीचे रुंद, बुडाशी हृदयाकृती व लांब देठाचे असते.

ब्रिटनमधील बागांत ती जूनअखेर ते ऑगस्टपर्यंत, बहुतेक प्रिम्युलांचा बहर सरल्यावर फुलते. नेमक्या याच दिवसांत मुळांशी पाणी हवे. माती सुकली की पानांच्या कडा करपतात, दांडे खुजे राहतात. जमीन सतत ओली असेल तर भर उन्हातही ती छान वाढते, नाहीतर अर्धी सावली द्यावी. उथळ पाण्यातही ती तग धरते, पण ते थंड असावे. महाराष्ट्राच्या मैदानी उन्हाळ्यात तिची आशा धरू नये.

तळ्याचा काठ नसल्यास सुमारे ४५ सेंमी. खोल खड्डा घेऊन त्यात जाड प्लॅस्टिक अंथरावे. त्याला थोडी भोके पाडायला विसरू नये, पाणी पूर्ण तुंबले तर माती आंबते. वर चिकणमाती आणि कुजलेल्या पाल्याचे भरपूर खत मिसळून भरावे. माती उदासीन ते किंचित आम्ल असावी. रोपांत ४५ ते ६० सेंमी. अंतर राखावे. हिवाळ्यात पाने पूर्ण झडतात, म्हणून जागेवर खूण ठेवावी. एरवी खणताना गड्डाच कापला जातो.

बी ताजेच पेरावे. जुने फार सावकाश व विरळ उगवते. ते मातीवर नुसते भुरभुरावे, कारण उजेड लागतो. तापमान २०° से.च्या वर गेले की उगवण मंदावते. शरद ऋतूत पेरून कुंडी थंडीत उघड्यावर ठेवणे सर्वांत सोपे. रोपे साधारण दुसऱ्या वर्षी फुलतात. जागा मानवली तर ती आपोआप पसरते. गड्डे फुलोऱ्यानंतर किंवा वसंताच्या सुरुवातीला विभागावेत.

वसंतात कोवळी पाने बिनशंखी गोगलगायी कुरतडतात. कुंडीत खरा धोका सोंड्या भुंगेऱ्याच्या पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्यांचा. त्या मुळे खातात आणि माती ओली असूनही रोप मलूल होते. तहानेने कोमेजले समजून पाणी वाढवण्याआधी रोप उपटून मुळे तपासावीत.