डिझेल एसयूव्हीची पीयूसी: पात्रता, कागदपत्रं आणि पिवळ्या दिव्यामागचे सेन्सर

मागच्या वर्षी माझ्या डिझेल एसयूव्हीची पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) निघाली तेव्हा धुराचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. चौथ्या दिवशी कसारा घाट चढताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. इगतपुरी यायच्या आत पडद्यावर संदेश आला की इतक्या किलोमीटरनंतर गाडी पुन्हा सुरू होणार नाही. स्कॅनर लावल्यावर कळलं, सायलेन्सरच्या बाजूचा मागचा नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं मोजणारा सेन्सर, गेला होता. हाच दिवा वॉरंटी असताना एकदा लागून आपोआप विझला होता. तेव्हा मी जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटरमधली तक्रारीची लेखी नोंद) केलं नाही, त्यामुळे वॉरंटी संपल्यावर दाखवायला कागद नव्हता आणि सगळं बिल खिशातून गेलं.

पीयूसीची प्रक्रिया सोपी आहे, पण तिच्यात काय तपासलं जातं आणि काय तपासलंच जात नाही हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र लिहितो आहे.

पीयूसी कुणाला लागते, किती दिवस चालते

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ नुसार पहिल्या नोंदणीला एक वर्ष पूर्ण झालं की प्रत्येक वाहनाजवळ वैध पीयूसी असावी लागते. म्हणजे नव्या गाडीला पहिलं वर्ष सूट आहे. बीएस ४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) आणि त्यानंतरच्या चारचाकींना प्रमाणपत्र बारा महिन्यांसाठी मिळतं, त्याहून जुन्यांना सहा महिन्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासून नोंदलेल्या नव्या गाड्या बीएस ६ आहेत, त्यामुळे त्यांच्या मालकांना वर्षातून एकदाच केंद्रावर जावं लागतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना पीयूसी लागत नाही.

मुदत संपलेली पीयूसी घेऊन फिरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली कारवाई होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे. विम्याबद्दल मात्र अजून जुनी माहिती फिरते. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ च्या आदेशात विमा नूतनीकरणासाठी वैध पीयूसीची अट घातली होती. ती अट जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच काढली. पीयूसी नाही म्हणून थर्ड पार्टी विमा अडत नाही. दंड मात्र होतोच.

काय घेऊन जायचं

आरसी बुक किंवा डिजिलॉकरमधली आरसी, आणि मालकाचा वाहन पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर. मालक स्वतः हजर असायला हवा असं नाही, पण तो फोन जवळ असू द्या. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभरासाठी एकसारखं प्रमाणपत्र आणलं, त्यात क्यूआर कोड आहे आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश जाणं बंधनकारक आहे. बहुतेकांचा वेळ इथेच जातो. गाडी वडिलांच्या नावावर, नंबर शोरूमवाल्याने कधीतरी टाकलेला, आणि ते सिमकार्ड बंद. केंद्रावर जायच्या आदल्या दिवशीच परिवहनच्या वाहन पोर्टलवर जाऊन नंबर बदलून घ्या. त्यासाठी नोंदणी क्रमांक, पूर्ण चॅसी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख लागते. हे सगळं आरसीवर असतं.

नंबरप्लेट स्वच्छ हवी, कारण केंद्रचालक प्लेटसह गाडीचा फोटो काढतो. जुनी पीयूसी मागितली जात नाही, पण ती जपून ठेवा. तिचं काम पुढे येतं.

२०२२ मध्ये वाढवलेल्या दरांनुसार महाराष्ट्रात डिझेल गाडीला दीडशे आणि पेट्रोल, सीएनजी चारचाकीला सव्वाशे रुपये पडतात. केंद्र आरटीओकडून अधिकृत असल्याची खात्री करा. प्रमाणपत्र देशभर चालतं. पुण्याची पीयूसी गोव्यात चालते, बेळगावातही.

केंद्रावर नेमकं काय मोजतात

डिझेल गाडीला धुराची चाचणी असते. नळी सायलेन्सरमध्ये घालून गाडी न्यूट्रलमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर काही वेळा झटक्यात पूर्ण दाबतात. धूर प्रकाशाची किती वाट अडवतो ते मशीन मोजतं आणि आकडा 'प्रति मीटर' असा येतो. बीएस ४ डिझेलला १.६२ ची मर्यादा आहे, बीएस ६ ची त्याहून कडक. तुमच्या गाडीची मर्यादा आणि मोजलेला आकडा प्रमाणपत्रावर शेजारी शेजारी छापलेले असतात. ते वाचा. दरवर्षी आकडा वर सरकत असेल, तर 'पास' असा शिक्का असूनही गाडी काहीतरी सांगते आहे.

आणि या चाचणीत नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, मोजलीच जात नाहीत. बीएस ६ ने डिझेल मोटारीच्या नॉक्सची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणली. आधुनिक डिझेल गाड्यांमधली कितीतरी यंत्रणा त्यासाठीच बसवली आहे, आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम गाडीतल्या सेन्सरांकडे आहे. म्हणूनच माझी गाडी सोमवारी पास झाली आणि गुरुवारी नापास होती.

पेट्रोल गाडीचं वेगळं. तिथे बीएस ४ आणि त्यानंतरच्या गाडीला आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवून, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. मग इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरून लॅम्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान आहे का ते बघतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत हवं. लॅम्डाची ही चाचणी ऑक्सिजन सेन्सरची सरळ परीक्षा आहे. सायलेन्सरला बारीक भोक असलं तरी बाहेरची हवा आत शिरते आणि लॅम्डा वर जातो. आकडा थोडक्यात हुकला असेल तर सेन्सर बदलायच्या आधी सायलेन्सरचे जोड तपासून घ्या.

गाडी गरम असताना न्या, निदान वीसेक मिनिटं चालवून. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होण्याची क्रिया चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्या. आयडल नेहमीपेक्षा वर राहतं, पंखा जोरात फिरतो, तापलेला वास येतो, त्यावरून ते ओळखता येतं.

नापास झाल्यास केंद्राने रिजेक्शन स्लिप द्यायची असते. ती मागून घ्या. 'साहेब, थोडं काम करून या, मग देतो' असं म्हणून कागद न देता परत पाठवलं, तर तुमच्याकडे पुरावा राहत नाही. दुरुस्तीनंतर कुठल्याही अधिकृत केंद्रावर फेरचाचणी करता येते, फी पुन्हा भरावी लागते. पास झाल्यावर नोंदणी क्रमांक आणि चॅसी नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकून प्रमाणपत्र परिवहनच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.

दिव्यामागचे सेन्सर

डिझेल गाडीत इंजिनातून निघालेला धूर आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमधून आणि डीपीएफमधून जातो, मग बऱ्याच गाड्यांत नॉक्स कमी करण्यासाठी त्यावर युरियाचं द्रावण म्हणजे अ‍ॅडब्लू फवारलं जातं. या वाटेवर जागोजागी सेन्सर आहेत. डीपीएफच्या आधी आणि नंतर दाबातला फरक मोजणारा सेन्सर दोन बारीक नळ्यांनी जोडलेला असतो. ही रबरी नळी चिरली किंवा काजळीने भरली, तर फिल्टर साफ असूनही गाडीला तो तुंबलेला वाटतो. महागडं डीपीएफ बदलायचा सल्ला मिळाला तर आधी या दोन नळ्या तपासायला सांगा. तापमानाचे सेन्सर काजळी जाळताना लागणाऱ्या सहाशेएक अंश उष्णतेवर लक्ष ठेवतात. नॉक्स सेन्सर बहुधा दोन असतात. आतली सिरॅमिक पट्टी प्रचंड तापवून ते काम करतात, म्हणून सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी त्यांचा शत्रू. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत हे पाणी उडून जातच नाही.

देखभालीच्या तीन गोष्टींना मी सर्वांत वर ठेवतो. पहिली, आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग, ताशी साठच्या आसपास वेगाने गाडी पळवणं. ठाण्यातल्या ठाण्यात, पुण्यातल्या पुण्यात फिरणाऱ्या डिझेलला हे औषधच आहे. दुसरी, ऑइल पुस्तिकेत लिहिलं असेल त्याच दर्जाचं. डीपीएफच्या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं, कारण काजळी जळून जाते पण राख फिल्टरमध्येच राहते. तिसरी, अ‍ॅडब्लूची स्वच्छता. ते ३२.५ टक्के युरियाचं द्रावण असतं. सीलबंद कॅनमधलंच घ्या आणि उन्हात ठेवू नका. टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसले तर पाण्याने धुऊन काढा. चुकून अ‍ॅडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टो करूनच न्या.

पेट्रोल एसयूव्हीत दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतो आहे. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवू शकतं. अशा वेळी वेग कमी करून गाडी थांबवणंच बरं.

सेन्सर 'काढून', डीपीएफ 'रिकामा करून' प्रोग्रॅम बदलून देणारे गॅरेजवाले सगळ्या शहरांत भेटतील. कलम १८२अ(४) खाली परवानगीशिवाय केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि तो धूर शेवटी शाळेच्या रिक्षात बसलेल्या आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

वॉरंटीचा दावा कसा करायचा

गाडीसोबत मिळालेल्या वॉरंटी पुस्तिकेत 'एमिशन वॉरंटी' असं वेगळं प्रकरण असतं. ते फारसं कुणी उघडत नाही. नेहमीच्या वॉरंटीपेक्षा त्याच्या अटी वेगळ्या आहेत. गाडी पीयूसीत नापास व्हावी लागते, आणि त्याआधीच्या काळाची वैध पीयूसी दाखवावी लागते. मध्ये दोन महिने पीयूसी संपलेली असेल तर दावा तिथेच अडतो. म्हणून जुनी प्रमाणपत्रं फेकू नका.

रिजेक्शन स्लिप, आधीची पीयूसी, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या आणि आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लवकरात लवकर जा. ते स्वतः चाचणी घेतात. पुस्तिकेतल्या यादीतला भाग दोषी निघाला तर तो मोफत बदलतात. एअर फिल्टर, स्पार्क प्लग अशा झिजणाऱ्या वस्तू, भेसळीचं इंधन आणि बाहेर केलेले बदल यातून वगळलेले असतात.

पीयूसी पास आहे पण दिवा लागला आहे, अशा वेळी नेहमीची किंवा वाढीव वॉरंटी कामाला येते. तिथे सगळं जॉबकार्डवर अवलंबून आहे. दिवा लागला त्या दिवशीच पडद्याचा फोटो काढा, किलोमीटरचा आकडा दिसेल असा. सर्व्हिस सेंटरला स्कॅन करायला लावा आणि सापडलेले बिघाडाचे कोड जॉबकार्डवर लिहून घ्या, उदाहरणार्थ पी०४२० किंवा पी२४६३. दिवा विझला असला तरी कोड बराच काळ आठवणीत राहतो, त्यामुळे 'आता तर दिसत नाही' या उत्तरावर परत फिरू नका. वाढीव वॉरंटी घेताना नॉक्स सेन्सर, डीपीएफ आणि अ‍ॅडब्लूचा पंप यादीत आहेत का, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.

जुनी एसयूव्ही घेताना ताजी पीयूसी बघून समाधान मानू नका. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून 'रेडिनेस', म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का, ते बघायला सांगा. कुणी नुकतेच कोड पुसले असतील तर बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसतात. तसं दिसलं तर मालकाला शंभरएक किलोमीटर गाडी चालवून परत आणायला सांगा आणि पुन्हा स्कॅन करा. बयाणा त्यानंतरच द्या.