बागेतलं तण

तण म्हणजे आपण लावलेलं नसताना वाफ्यात, कुंडीत, फरशीच्या फटीत आपोआप उगवणारी झाडं. पहिला पाऊस झाला की जे हिरवंगार दिसतं त्यातलं बरंचसं हेच असतं. काढायच्या कामाला कुठे खुरपणी म्हणतात, कुठे निंदणी, कुठे भांगलण, पण सगळी तणं एकाच पद्धतीने जात नाहीत कारण प्रत्येकाची पसरायची तऱ्हा वेगळी.

सगळ्यात चिवट लव्हाळा. दिसतो गवतासारखा पण दांडा बोटांत फिरवला तर तिधारी लागतो, आणि जमिनीखाली काळपट गाठींची माळच असते. वरून ओढलं की नुसती पाती हातात येतात, आणि कुदळीने खणलं तर माळ तुटते आणि इतके दिवस गप्प बसलेल्या गाठींनाही कोंब फुटतात, म्हणजे मेहनत करून आपणच लागवड केल्यासारखं. आयुर्वेदातली मुस्ता ती हीच गाठ. त्यातल्या त्यात चालणारा उपाय म्हणजे एप्रिल-मेमध्ये माती उलटून पाणी तोडायचं, वर आलेल्या गाठी उन्हात वाळून मरतात.

हराळी (गणपतीला वाहतो त्याच दूर्वा) जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मूळ धरते. केनाही तसाच, तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी जगतो, शिवाय निळ्या फुलांखेरीज याला जमिनीच्या आतही फुलं येतात आणि तिथेच बी धरतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

बाकीच्यांचा भर बियांवर. आंबुशीची शेंग पिकली की फट्कन फुटून बी लांब उडवते म्हणून एका कुंडीतून शेजारच्या चार कुंड्यांत जाते. एकदांडीचं बी वाऱ्यावर तरंगतं, आघाड्याचं कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटून फिरतं. गाजर गवत उर्फ काँग्रेस गवत मूळचं अमेरिका खंडातलं, भारतात 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता देशभर आहे, एक झाड हजारोंनी बिया टाकतं. याने अंगाला खाज येते, दम्याचा त्रास वाढतो, म्हणून हातमोजे घालून आणि फुलावर यायच्या आधीच उपटावं.

खरं तर निम्मं तण आपणच घरी आणतो, नर्सरीच्या पिशवीतून, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून, विकतच्या मातीतून. शिवाय मातीत खोल पडलेलं बी वर्षानुवर्षं टिकतं आणि आपण खणून ते वर आणलं, उजेड मिळाला की उगवतं, त्यामुळे उगाच माती उकरत बसण्यापेक्षा वर पालापाचोळ्याचा तीन-चार इंच थर देणं जास्त बरं. बी धरलेलं तण कंपोस्टमध्ये टाकू नये, आणि घोळ उपटून वाफ्यातच सोडू नये, पानं मांसल असल्याने परत रुजते. तिची भाजी मात्र डाळ घालून छान होते.