सोनारची चकती: आवाज फक्त पुढे कसा पाठवायचा

हिडकल जलाशयात घटप्रभेने किती गाळ आणून टाकला हे होडीतून सोनारने, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली काढणाऱ्या यंत्राने मोजायचे, तर पाण्यात सोडलेला आवाज सरळ खाली गेला पाहिजे. तो पसरला की बुडालेल्या उताराची जवळची बाजू आधी प्रतिध्वनी देते आणि खोली आहे त्यापेक्षा कमी दिसते.

आवाजाची शलाका (झोत) किती अरुंद होणार हे तरंगलांबी आणि आवाज काढणाऱ्या चकतीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, म्हणजे २०० किलोहर्ट्झला तरंगलांबी ७.४ मिलिमीटर. पीझेडटी या पिझोसिरॅमिकची (वीज दिली की कंपणाऱ्या सिरॅमिकची) ५० मिमी व्यासाची, १० मिमी जाड चकती जाडीच्या दिशेने साधारण याच वारंवारतेला कंपते. शलाका सुमारे ९ अंशांची मिळते. २० मीटर खोल तळावर तिचा ठसा ३ मीटर रुंद पडतो. ५० किलोहर्ट्झला हीच चकती ३५ अंश पसरते आणि ठसा १२ मीटरच्या वर जातो. गाळ मोजायला २००च घ्यावे.

पण चकती दोन्ही तोंडांनी कंपते, आणि मागचे तोंड गप्प करणे हेच खरे काम. त्यासाठी हवा लागते. सिरॅमिक आणि हवा यांचा ध्वनिरोध (आवाजाला होणारा विरोध) इतका वेगळा, की मागे निघालेला आवाज जवळजवळ सगळा परत फिरतो. म्हणून पाठीला आणि कडेलाही बंद छिद्रांत हवा धरून ठेवणारा ३ ते ५ मिमी फोम लावतात. फोमच्या सांध्यात फट राहिली की चकती बसवायचे इपॉक्सी आत शिरते, आवाज चकतीच्या घरात (बाहेरच्या कवचात) उतरतो आणि घर घुमत राहते. उघड्या छिद्रांचा फोम कधीच नको; तो पाणी पितो.

पुढच्या बाजूला मात्र हीच हवा वैरी. तोंडावर ओतायचे पॉलियुरेथेन मिसळल्यावर व्हॅक्युममध्ये बुडबुडे काढा, चकती आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तारा चांदीमिश्रित सोल्डरने पटकन जोडा. साधे सोल्डर चकतीवरचा चांदीचा थर खाते आणि जास्त उष्णतेने सिरॅमिकचे ध्रुवीकरण जाते.

खोल समुद्रात फोम चेपतो. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. तिथे, कमी वारंवारतेला, मागे जड पोलाद, पुढे हलके ॲल्युमिनियम, दोन्हींमध्ये सिरॅमिक आणि मधून ताणलेला बोल्ट अशी रचना करतात. हलके तोंड जास्त हलते, जड शेपूट कमी. बोल्ट हवाच, कारण सिरॅमिक ताण सोसत नाही; बोल्ट ते दाबून धरतो. हे दोन्ही धातूचे भाग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या लेथवर सहज निघतील.

चाचणी शेततळ्यात करा. हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) १ मीटरवर, पल्स ०.२ मिलिसेकंद, म्हणजे काठाचा प्रतिध्वनी वेगळा ओळखता येतो. मग ट्रान्सड्यूसर, म्हणजे घरात बसवलेली चकती, अंशाअंशाने फिरवा. साडेचार अंशांवर पातळी ३ डेसिबल घसरावी, पाठीमागे निदान २०. पाठ बोलत असेल तर फोम तपासा. शलाका एका बाजूला कलली असेल तर तोंडावर बुडबुडा अडकला आहे.