टांकसाळी दोष आणि नाण्याचे नुकसान

नाणे घडताना एखाद्या टप्प्यावर झालेली आणि तशीच बाहेर पडलेली चूक म्हणजे टांकसाळी दोष. संग्राहकांच्या बोलण्यात असे नाणे म्हणजे ‘एरर’. टांकसाळीबाहेर लागलेला मार, गंज, आच, कानस हे सगळे नुकसान. दोन्ही नाणी वेडीवाकडीच दिसतात, पण एरर नाण्याला हौशी लोक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच. नाणे हाती आले की एकच गोष्ट शोधायची: ठसा आधी बसला, की ही खूण आधी पडली?

धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात आणि मग दोन ठशांमध्ये, म्हणजे नक्षी कोरलेल्या साच्यांमध्ये, चकती दाबतात. त्या वेळी भोवती पोलादी कडे असल्याने धातू बाहेर पसरत नाही. भारतात हे काम मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींत होते.

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणी आधीच्या भोकावर चढते आणि चकतीचा चंद्रकोरीएवढा घास जातो. अशा ‘क्लिप’ नाण्यात ठसा नंतर बसलेला असतो. त्यामुळे कोरीजवळची अक्षरे तुटत नाहीत. ती बोथट होतात, रिकाम्या जागेकडे ओढल्यासारखी पसरतात. कोरीच्या नेमकी समोरची कडही बहुधा पुसट असते, कारण कड उचलताना त्या जागी दाबच मिळालेला नसतो. यालाच ‘ब्लेक्सली परिणाम’ म्हणतात. प्रत्येक अस्सल नाण्यावर तो दिसतोच असे नाही, पण दिसला तर पुरावा भक्कम. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर मध्येच सरळ कापलेले असते, भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात आणि समोरची कड ठणठणीत असते.

‘ब्रोकेज’चीही नक्कल होते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. दुसरी बाजू मात्र नेहमीसारखी रेखीव असते. दोन नाणी शिकंज्यात आवळूनही उलटी अक्षरे उठतात, पण त्यांच्याखाली मूळची चेपलेली नक्षी शिल्लक राहते, आणि मागची बाजूही दबून सपाट होते.

ठशाला भेग गेली की तिच्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठाला सरकलेला धातू साचतो. ही खूण नवख्यालाही चटकन कळते.

भारतीय नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटले की मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती लक्षणीय फिरलेली असेल, तर नाणे पाडताना ठसाच वळलेला होता. वापरात असे होऊ शकत नाही. मात्र दोन नाणी कोरून एकमेकांत बसवलेली असू शकतात, त्यामुळे कडेच्या आतल्या बाजूने सांधा शोधावा.

ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंतचा फरक दाखवणारा वजनकाटा जवळ असणे इष्ट. त्याहून बारीक असेल तर उत्तमच. 1992 पासूनचा पोलादी रुपया 4.85 ग्रॅमचा, 2011 च्या मालिकेतला 3.79 ग्रॅमचा, आणि दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे 7.71 ग्रॅमचे. केंद्राबाहेर ठसा पडलेल्या नाण्याचे वजन पुरे भरते, कारण धातू गेलेला नसतो. आम्लात बुडवलेले नाणे हलके होते, आणि त्याची सगळी नक्षी सारखीच विरघळल्यासारखी दिसते.

जुन्या रुपयांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक वेगळीच अडचण येते. राणीछाप चांदीचे रुपये माळेत ओवण्यासाठी त्यांना कडी डाखून घेत. पुढे कडी काढून टाका (डाखलेला जोड) घासला, तरी कडेशी गुळगुळीत फुगवटा उरतो आणि ‘ठशाचा तुकडा उडाला’ म्हणून तो दाखवला जातो. ठसा खरोखर तुटलेला असेल तर फुगवटा आणि नाणे यांचा धातू एकसलग असतो. टाक्याचा रंग मात्र चांदीहून थोडा निराळा पडतो, आणि त्याच्या काठाशी भिंगातून बारीक सांधरेषा सापडते.