सात वाजताची बॅच

डोंबिवलीत आमच्या घराच्या हॉलमध्ये मी नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. पाचला एक बॅच, सहाला दुसरी आणि सातला तिसरी. सातच्या बॅचला दहावीची मुलं. म्हणजे ज्यांना माझी गरज सगळ्यात जास्त, त्यांच्या वाट्याला माझं सगळ्यात दमलेलं डोकं येतं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी भिंगाचं उदाहरण सोडवताना मी वस्तूचं अंतर, म्हणजे सूत्रातला यू, ऋण घ्यायला विसरले. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, यू मायनस ना?" मी दुरुस्त केलं आणि पुढच्याच उदाहरणात पुन्हा तीच चूक केली. या वेळी कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी तसंच वहीत उतरवून घेतलं. रात्री वह्या चाळताना माझ्या ते लक्षात आलं. पाच वह्यांत तीच चूक माझ्याकडे बघत होती.

शाळेतल्या शिक्षकाला निदान ऑफ तास असतो, रजा टाकता येते. घरी शिकवणी घेणाऱ्याची रजा म्हणजे बुडालेली बॅच आणि पालकांचे फोन. त्यामुळे दमल्यावर आपण स्वतःलाच रागावतो: जरा नेटाने कर, कॉफी घे, उभं राहून शिकव. मीही तेच केलं. त्यानंतर मी एकदाची रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ९ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात.

हे आधी सांगते, कारण यात मी एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. शरीरात ऑक्सिजन वाहून नेणारं रंगद्रव्यच कमी असेल, तर कुठलंही वेळापत्रक तुम्हाला सातच्या बॅचपर्यंत ताजं ठेवणार नाही. थायरॉइडचंही तसंच. तेव्हा आधी डॉक्टर आणि मग डायरी. शिवाय जेवणाला लागून चहा घेण्याची आपली सवय इथे नडते. चहातली टॅनिनं धान्य-भाजीतलं लोह शोषू देत नाहीत. त्याउलट वरणावर पिळलेलं लिंबू ते शोषायला मदत करतं.

रक्त सुधारलं. दम लागणं थांबलं, जिना चढताना पाय जड होईनात. तरीही सात वाजता डोकं जड व्हायचं ते व्हायचंच. मग हा दुसरा थकवा कसला?

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के असतं, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराच्या एकूण ऊर्जेतला २० टक्के वाटा तो घेतो. त्यावरून वाटतं की अवघड विचार केला की साखर संपत असेल. पण मन लावून गणित सोडवताना हा खर्च अगदी थोडक्या टक्क्यांनी वाढतो. मेंदूचं बिल पंख्यासारखं आहे, दिवसभर फिरतोच. इच्छाशक्ती ही टाकीसारखी असते आणि वापरली की रिकामी होते, असं मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९९८मध्ये मांडलं होतं आणि ते फार लोकप्रिय झालं. पण २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २ हजारांहून जास्त लोकांवर तसा प्रयोग केला, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

मला जास्त पटतो तो पॅरिसमधला एक अभ्यास, २०२२चा. एका गटाला सहा तासांहून जास्त वेळ स्मरणशक्तीला ताण देणारी अवघड कामं दिली, दुसऱ्याला त्याच प्रकारची पण सोपी. मेंदूतली रसायनं मोजणाऱ्या एमआरआयच्या तंत्राने पाहिलं, तर अवघड काम करणाऱ्यांच्या कपाळामागच्या भागात ग्लुटामेट साचलेलं दिसलं. ग्लुटामेट म्हणजे चेतापेशींचा रोजचा निरोप्या. तो नसेल तर विचारच होणार नाही, पण तो जागेवर साचत गेला की तो भाग पुन्हा कामाला लावणं महाग पडतं. याच लोकांना दिवसअखेर पैशांचे पर्याय दिले, तेव्हा त्यांचा कल थोडे पण लगेच आणि विनासायास मिळणाऱ्या पैशांकडे झुकला. यावर अजून बरंच काम व्हायचं आहे. पण ते वाचताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थकलेला मेंदू बंद पडत नाही, तो सोपी वाट धरतो.

शिकवणाऱ्याची सोपी वाट कुठली? मीच सांगून टाकते, ही. प्रश्न विचारायचा, मूल अडखळलं की त्याच्या उत्तरातली चूक कुठून आली ते हुडकायचं, त्याला तिथून परत आणायचं, हे काम जड. त्यापेक्षा पाठ झालेलं प्रकरण बोलत सुटणं फार हलकं. तोंड आपोआप चालतं. सातच्या बॅचला मी सगळ्यात जास्त बोलत होते ते यामुळेच, आणि मला वाटत होतं की मी जीव ओतून शिकवतेय.

या बोलण्याची किंमत घसा मोजतो. बोलताना स्त्रीच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण २०० वेळा टक्कर होते. तासाभरातला निम्माच वेळ आवाज चालू होता असं धरलं, तरी ३ लाख ६० हजार टकरा. तीन बॅचेसचा हिशोब तुम्हीच करा. त्यात वर पंखा, आत कुकरच्या शिट्ट्या, खाली रिक्षांचे हॉर्न. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्येच दाखवून दिलं आणि त्या परिणामाला आजही त्यांचंच नाव आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या पाहणीत त्या वेळी आवाजाचा त्रास असल्याची तक्रार शिक्षकांत ११ टक्के, तर इतरांत ६ टक्क्यांच्या आसपास आढळली. गळ्यात अडकवायचा छोटा माइक आणि कमरेचा स्पीकर वापरणाऱ्या शिक्षकांचा त्रास कमी झाल्याचंही एका अभ्यासात दिसलं. मोठी बॅच असेल तर तो घ्याच. माझ्या आठ मुलांसाठी खिडकी लावणं आणि शिकवणीच्या वेळात कुकर न चढवणं एवढ्याने भागलं.

पण घशापेक्षा मोठी गोष्ट मला मुलांच्या बाजूने कळली. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलं कमी होतात. तीन सेकंद! मी घड्याळ लावून पाहिलं. पहिल्या दिवशी ते तीन सेकंद युगासारखे गेले. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या रांगेतल्या मुलीने आपणहून उत्तर दिलं. जूनपासून तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

दुसरा धागा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. आपली मुलं परीक्षेच्या आधी पुस्तक तीन-तीनदा वाचतात आणि "सगळं आलंय" म्हणतात, त्यांची ही फसगत पाच मिनिटांच्या चाचणीसारखीच असते.

तेव्हापासून माझी प्रत्येक बॅच कोऱ्या कागदाने सुरू होते. मागच्या तासाचं जे आठवेल ते लिहा, सात मिनिटं, मार्क नाहीत. हेच मी शेवटीही करते. तासातली चौदा मिनिटं मी बोलत नाही. दमलेल्या बाईने पळवाट काढली असं एखाद्या पालकाला वाटेल, म्हणून पालकसभेत मी वरचे आकडे फळ्यावर लिहिले होते.

फोनचं थोडक्यात सांगते. दोन बॅचेसच्या मधल्या पाच मिनिटांत मी पालकांना उत्तरं द्यायचे आणि पुढचा तास सुरू झाला तरी अर्धं डोकं त्या मेसेजमध्येच असायचं. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९मध्ये हेच दाखवलं: अर्धवट सोडलेलं काम लक्षाचा एक तुकडा स्वतःकडे धरून ठेवतं. काम सोडण्याआधी ते कुठवर आलं आणि पुढे काय करायचं हे लिहून ठेवलं, तर तो तुकडा बराचसा सुटतो, असं त्यांनीच नंतर दाखवलं. माझ्या वहीत आता बॅच सुटली की एक ओळ पडते: "पाचची: आरशाचं तिसरं उदाहरण बाकी, दोघांना चिन्हं समजावायची." फोन सकाळी साडेदहाला.

उरली झोप. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन वाढत जातं आणि झोपेची ओढ त्याबरोबर वाढते. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडिनोसिनच्या जागा अडवतं, ते कमी मात्र करत नाही. दमणूक आतल्या आत साचतच राहते, आपल्याला तिची फक्त वर्दी मिळत नाही. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सातच्या बॅचआधी घेतलेला कडक चहा रात्री बाराला निम्मा शिल्लक असतो. मी तो सोडला. त्याऐवजी दुपारी दोनला गजर लावून २० मिनिटं आडवी होते. दुपारची ती गुंगी जेवणामुळे येते असं आपण म्हणतो, पण जेवण चुकवलं तरी ती येते, शरीराच्या घड्याळाचाच तो उतार आहे. अवघड तयारी, प्रश्नपत्रिका काढणं, पेपर तपासणं मी सकाळी उरकते. दुपारच्या उतारावर झेरॉक्स आणि फीचा हिशोब.

मागच्या आठवड्यात भिंगाचं प्रकरण पुन्हा आलं. सातची बॅच. कोरे कागद वाटले, हॉलमध्ये फक्त पंख्याचा आणि पेनांचा आवाज. मी कोमट पाण्याचा पेला घेऊन रांगेतून फिरत होते. आठपैकी तिघांनी यू धन घेतला होता. मी समजावून सांगत असते, तर तिघांनीही माना डोलावल्या असत्या. फळ्यापाशी न जाता मी त्या तिघांच्या मध्ये खाली बसले आणि विचारलं, "वस्तू भिंगाच्या कुठल्या बाजूला ठेवलीय?" आणि मनात मोजायला लागले: एक, दोन, तीन.