मानसोपचारांचे ऑनलाइन प्रशिक्षण

संवादातून दिल्या जाणाऱ्या मानसोपचारांचे ज्ञान आणि कौशल्य उपचारकर्त्यांना इंटरनेटद्वारे शिकविण्याच्या पद्धतीस मानसोपचारांचे ऑनलाइन प्रशिक्षण म्हणतात. ते घेणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ, परिचारिका व समुपदेशक असतात; परंतु भारतात या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले ते मुख्यतः आशा कार्यकर्त्यांसारख्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या आरोग्यसेवकांमुळे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंताविकार यांसारखे सर्रास आढळणारे मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांविना असल्याचे आढळले. ही उणीव केवळ तज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही, आणि इतरांना शिकवावे म्हटले तर शिकविणारेही मोजकेच.

हे काम बिगरतज्ज्ञ करू शकतात, याचा भक्कम पुरावा गोव्यातून आला. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने (स्थापना १९९६) नैराश्यासाठी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ हा सहा ते आठ बैठकींचा उपचार तयार केला. नैराश्यात माणूस ज्या कामांपासून व माणसांपासून दुरावतो, त्यांच्याकडे त्याला बेताबेताने परत आणणे हा त्याचा गाभा आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्या गटातील ६४ टक्के, तर तुलनेच्या गटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त आढळले. पुढे मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात याच उपचाराचे प्रशिक्षण स्मार्टफोनवर आणण्यात आले. ४२ आरोग्यसेवकांच्या प्राथमिक अभ्यासात समोरासमोर शिकलेल्यांची आणि फोनवर शिकलेल्यांची, अशी दोघांचीही गुणसंख्या वाढली. मात्र पहिल्यांची अधिक. फोनवर शिकणाऱ्यांना ॲपची हाताळणी आणि तुटक इंटरनेट यांनी अडविले.

ऑनलाइन प्रशिक्षणाचा दुसरा प्रकार थेट प्रकरणचर्चेचा, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांविषयीच्या चर्चेचा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘इको’ ही पद्धत सुरू केली, ती मनाच्या नव्हे, यकृताच्या आजारासाठी, म्हणजे हेपटायटिस सीसाठी. दूरच्या डॉक्टरांनी आपापले रुग्ण व्हिडिओ बैठकीत मांडायचे आणि तज्ज्ञांसह सर्वांनी त्यांवर बोलायचे, अशी तिची रीत आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ती मानसिक आरोग्यासाठी वापरली आणि २०१८ मध्ये ऑनलाइन प्रशिक्षण देणारी डिजिटल अकादमी सुरू केली.

या प्रशिक्षणाचा खरा पेच मूल्यमापनात आहे. बहुपर्यायी प्रश्न सोडविणाऱ्याला उपचाराच्या पायऱ्या ठाऊक असतात. पण रडू लागलेल्या रुग्णासमोर तो गप्प बसू शकतो का, की घाईने सल्ला देऊ लागतो, हे त्यातून कळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या ‘इक्विप’ या व्यासपीठावर कौशल्य जोखण्यासाठी रोल प्लेचा आधार घेतात: एक जण रुग्णाची भूमिका करतो आणि निरीक्षक उपयुक्त तसेच हानिकारक वर्तनाची नोंद करतो. प्रशिक्षणानंतरही प्रत्यक्ष रुग्ण पाहताना अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख लागते. ध्वनिचित्रफितींचे पाठ कितीही चांगले असले तरी तिची जागा घेत नाहीत.

अशा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र व्यवसायाचा परवाना ठरत नाही. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी मान्यताप्राप्त अर्हता आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते.